संक्रांतीला आणलेली लिली: फुलं गळल्यावर कंद कसा जपायचा

सांगलीत विश्रामबागेला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी गुलाबी लिलीची कुंडी आणली. लहानशी काळी प्लास्टिकची कुंडी, त्यात तीन दांडे, प्रत्येकाला चार-पाच कळ्या. फुलं छान टिकली, आता सगळी गळून गेली. दांडे अजून हिरवे आहेत, पण खालची पानं पिवळी पडायला लागलीत. सासूबाई म्हणतात दांडे बुडातून कापा, म्हणजे नवे फुटतील. शेजारच्या काकूंचं म्हणणं, हा कंद एकदाच फुलतो, कुंडी रिकामी करून दुसरं काही लावा. कुंडी सध्या गच्चीवर आहे. आणि फुलांना वास नव्हता, हेही ताईंनी आठवणीने लिहिलंय. पुढच्या वर्षी फुलं येतील का, आणि त्यासाठी आत्ता काय करायचं?

ताई, दांडे कापू नका आणि कंद टाकूही नका. मी साताऱ्याकडे बरीच वर्षं कंदाची फुलझाडं करतोय, आणि फुलं संपलेल्या लिलीच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान कात्रीने होतं असं माझं ठाम मत आहे. सासूबाईंचा सल्ला गुलाबाला, जास्वंदीला बरोबर आहे. तिथे छाटल्यावर डोळे फुटतात. लिलीचा दांडा मात्र एकदाच वाढतो, एकदाच फुलतो आणि वाळतो. पुढच्या वर्षीचा कोंब जमिनीखाली, जुन्या दांड्याच्या बुडाशी कंदाच्या आत तयार होतो, आणि त्याला लागणारं सगळं अन्न आत्ता वर दिसणारी हिरवी पानं करतात. तुमच्या कंदाने साठवलेलं बरंचसं अन्न फुलांवर खर्च केलंय. तो आता हलका झालाय. पुढचे दोन-अडीच महिने ही पानं जितकी टिकतील, तितका तो पुन्हा भरेल.

आधी ही लिली कुठली ते नक्की करू, कारण आपल्याकडे लिली हे नाव डझनभर वेगवेगळ्या झाडांना चिकटलंय. एकच सरळ दांडा, त्याला खालपासून वरपर्यंत चहूबाजूंनी पानं आणि टोकाला कळ्या, ही खरी लिली, लिलियम. तुमच्या वर्णनावरून ती हीच आहे. जमिनीतून पट्ट्यासारखी पानं थेट वर येत असतील तर ती फुटबॉल लिली, रेन लिली, स्पायडर लिली वगैरे. त्यांची निगा वेगळी. शेवटी थोडक्यात सांगतो.

खऱ्या लिलीत बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. एशियाटिक, हिला वास नसतो आणि फुलं आकाशाकडे तोंड करून उमलतात. ओरिएंटल, म्हणजे स्टारगेझरसारख्या, पानं रुंद, फुलं मोठी आणि संध्याकाळी घरभर घमघमाट. आणि तिसऱ्या एलए, म्हणजे लाँगिफ्लोरम आणि एशियाटिक यांचा संकर, वास अगदी मंद किंवा नाहीच. तुमची वास नसलेली, म्हणजे एशियाटिक किंवा एलए. हे चांगलंच झालं. सांगलीच्या हवेत पुन्हा फुलवायची म्हटलं तर याच दोघींवर कष्ट घ्यावेत. ओरिएंटलचं मूळ जपानच्या डोंगरांतल्या जातींत आहे, तिला उन्हाळाही थंड लागतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये ती कंद भरायच्या आधीच मान टाकते. कुणी ओरिएंटल जपायला घेतली तर मी अडवत नाही, पण आशा दाखवतही नाही.

आता कंद समजून घ्या, म्हणजे बाकीच्या सूचना लक्षात ठेवाव्या लागणार नाहीत. लिलीचा कंद सालं नसलेल्या लसणासारखा असतो, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि वरून झाकायला काहीच नाही. कांद्याला, निशिगंधाला कोरडं आवरण असतं, म्हणून ते टोपलीत महिनोन्‌महिने राहतात. लिलीचा कंद उघड्यावर ठेवला तर थोड्याच दिवसांत मऊ पडून सुरकुततो. म्हणजे त्याला पूर्ण सुकवायचं नाही, आणि पाण्यात बुडवलं तर तो कुजतो. दुसरी गोष्ट मुळांची. कंदाच्या खाली जाड मुळं असतातच, पण कंदाच्या वर, मातीत गाडलेल्या दांड्यालाही बारीक मुळांचा झुबका फुटतो. हंगामात पाणी आणि खत उचलण्याचं बरंचसं काम ही वरची मुळं करतात. विकायच्या लहान कुंडीत त्यांना जागा जवळपास नसतेच.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेकांची लिली इथेच जाते. आपल्या मातीतले कंद उन्हाळ्याच्या तापात झोपतात आणि पावसाच्या सरींनी जागे होतात. कासच्या पठारावर बघा. चवर असो नाहीतर दीपकाडी, मे महिन्यात वर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि पाऊस सुरू झाला की जमिनीतून कोंब वर येतात. लिलीचं घड्याळ उलटं आहे. ती थंडीत झोपणाऱ्या मुलखातली आहे. काही आठवडे सलग गारवा मिळाला की मगच तिच्या कोंबात फूल धरण्याची ताकद येते. तो गारवा सांगलीत कुठल्याच महिन्यात मिळत नाही. म्हणून काहीजणांची लिली पुढच्या वर्षी नुसता पानांचा झुपका देते, किंवा उगवतच नाही, आणि मग कंद एकदाच फुलतो असा समज पसरतो. कंदाचा त्यात दोष नाही. त्याला हिवाळा मिळालेला नसतो.

या आठवड्यात एवढं करा. वाळलेली फुलं काढताना पाकळ्या ओढून थांबू नका. फुलाच्या मधोमध हिरवा, बोटाच्या पेराएवढा लांबट भाग राहतो, तो बीजकोष. तो देठासकट खुडून टाका, नाहीतर झाड बी भरण्यात ताकद घालवतं. दांड्याचा पानं असलेला भाग मात्र शाबूत ठेवा. पूर्ण पिवळं झालेलं पान हात लावताच सुटत असेल तर काढा, ओढावं लागत असेल तर राहू द्या.

खालची पानं पिवळी पडण्याची कारणं दोन. तीन दांडे एवढ्याशा कुंडीत म्हणजे खालच्या पानांना ऊन पोचत नाही. आणि घरात शोभेला ठेवलेल्या कुंडीला पाणी बहुतेक वेळा जास्त होतं. कुंडीखाली ताटली असेल तर आजच काढा. वरची कोवळी पानं शिरा हिरव्या आणि मधे पिवळी अशी दिसली तर ती लोहाची कमतरता. तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्याने असं होतं. चिलेटेड फेरस अर्धा ग्रॅम लिटरभर पाण्यात घालून एकदा फवारा. द्राक्षबागांमुळे ते सांगली-तासगावात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

मग कुंडी बदला. दहा-बारा इंच खोल कुंडी घ्या, मातीचीच. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं आणि आतली मुळं गार राहतात. आधीच्या कुंडीतला मुळांचा गड्डा न फोडता अख्खा उचलून खोल बसवा, म्हणजे दांड्याचा खालचा दोन-तीन इंच भाग मातीत जाईल आणि वरच्या मुळांना जागा होईल. त्या भागावरची पानं आधी काढून घ्या. माती भरताना कृष्णाकाठची काळी माती वापरू नका. ऊस-हळदीला ती सोन्यासारखी, पण कुंडीत ती चिकटून बसते, आणि तिचा पीएच लिलीला हवा त्यापेक्षा जास्त असतो. लिलीला साडेसहाच्या आसपास बरं वाटतं. तांबडी माती किंवा पोयटा एक भाग, दोनदा धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत अर्धा भाग आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा अर्धा भाग. कोकोपीट धुवायला सांगतोय ते मुद्दाम. त्यात मीठ असतं आणि लिली खारट मुळांत टिकत नाही.

जागेबद्दल थोडं कडक बोलतो. गच्चीवरून कुंडी आजच्या आज खाली आणा. फेब्रुवारीत काही वाटत नाही, पण मार्चच्या मध्यापासून गच्चीचा स्लॅब संध्याकाळीही चटका देतो आणि कुंडीतला कंद खालून तापतो. पानाला ऊन हवं, कंदाला गारवा हवा. पूर्वेकडची जागा उत्तम, सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन आणि नंतर सावली. अंगण असेल तर आंब्या-चिकूच्या झाडाखाली जमिनीवरच कुंडी ठेवा. फ्लॅट असेल तर मोठ्या कुंडीत ही कुंडी बसवून मधल्या फटीत ओली वाळू भरा. याने फरक पडतो. मुळं गार राहिली तर दांडा पाडव्यानंतरही हिरवा राहतो, आणि तो प्रत्येक जादाचा आठवडा कंदाला मिळतो.

पाण्याला वेळापत्रक नको. बोटाची दोन पेरं मातीत घाला. वाफसा असेल, म्हणजे ओल लागते पण बोटाला चिखल चिकटत नाही, तर थांबा. कोरडं लागलं तर खालून पाणी निघेपर्यंत भरपूर द्या. घोटघोट पाणी दिलं की क्षार वरच साठतात आणि पानांची टोकं करपतात. पावसाचं किंवा नळाचं पाणी मिळत असेल तर बोअरचं टाळा.

खत आता कंदासाठी द्यायचंय, म्हणजे नत्र (नायट्रोजन) बेताचं आणि पालाश (पोटॅश) भरपूर. १३-०-४५ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, दर दहा-बारा दिवसांनी, आणि मधल्या एखाद्या पाळीला कॅल्शियम नायट्रेट तेवढंच. दांडा पिवळा पडायला लागला की खत बंद. कॅल्शियम नायट्रेटमध्ये सल्फेट किंवा स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत एकत्र कालवू नका, साका बसतो. बागायतदारांच्या घरात हे सांगावं लागत नाही, पण कुंडीवाल्यांकडून होतं. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा, सुपर फॉस्फेट लिलीला घालू नका. कंदाला स्फुरद म्हणून लोक मुठीने घालतात, पण त्यात फ्लोरिन असतं आणि लिलीची पानं त्याने टोकाकडून जळत जातात. स्फुरद द्यायचंच तर हाडांचा चुरा चमचाभर, कुंडी भरताना मातीत मिसळून.

मावा दिसला तर लगेच निंबोळी अर्क फवारा. लिलीचे विषाणू रोग मावा पसरवतो. पानांवर फिकट चट्टेपट्टे येऊन दांडा वाकडा वाढत असेल तर तो कंद इतरांपासून दूर करून नष्ट करावा. त्याला औषध नाही.

एप्रिलमध्ये दांडा पिवळा पडत जाईल. घाबरू नका, पाणी वाढवू नका, उलट हळूहळू पाणी तोडा. अक्षय्य तृतीयेच्या आसपास दांडा तपकिरी होऊन वाळेल. हलकेच ओढल्यावर सुटून आला तर ठीक, नाहीतर जमिनीलगत कापा. कात्री तेव्हा चालते. कुंडी सगळ्यात गार, सावलीच्या जागी हलवा, जिन्याखाली, मोरीच्या भिंतीशी. आठ-दहा दिवसांतून एकदा वाटीभर पाणी, माती नुसती दमट राहील एवढंच. इथे दोन टोकाच्या गोष्टी घडताना पाहतो. कुणी कुंडी कोपऱ्यात ठेवून विसरतं आणि कंद सुकतो, कुणी झाड दिसत नाही म्हणून रोज पाणी घालतं आणि तो कुजतो.

मृगाचा पाऊस सुरू झाला की कुंडी वळचणीला घ्या. पाऊस थेट कुंडीत पडता कामा नये. झोपलेल्या कंदाभोवती उकाडा आणि ओल एकत्र आली की मर आणि कूज यांच्या बुरशीला मोकळं रान मिळतं. जूनच्या सुरुवातीला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम घेऊन एकदा आळवणी करा, म्हणजे ते पाणी मातीत ओता. त्यानंतर महिनाभर कुंडीत रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर ट्रायकोडर्माच मरतं.

श्रावण लागला की कंद काढायचे. कुंडी आडवी करून माती सोडवा, हाताने चाचपत कंद शोधा. उलथनं नको, पाकळ्या तुटतात. कुंडीतले तीन दांडे म्हणजे बहुधा तीन कंद. हातात घेतल्यावर टणक आणि पांढरट लागला तर निरोगी. बुडाला तपकिरी होऊन भुसभुशीत झाला असेल, पाकळ्या हात लावताच गळत असतील, तर तो टाका. खालची जाड मुळं जिवंत असतील तर कापू नका. पाण्याने धुऊन कॅप्टन या बुरशीनाशकाच्या द्रावणात, लिटरला २ ग्रॅम, अर्धा तास बुडवा, हातमोजे घालून. मग सावलीत वरचं पाणी निथळू द्या, तासभर पुरे.

आता हिवाळा तयार करायचा. दमट कोकोपीट घ्या, मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये इतपतच दमट. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोकोपीट, कंद, पुन्हा कोकोपीट असं भरा आणि फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. २ ते ५ अंश तापमान हवं. फ्रीझरमध्ये ठेवू नका. एशियाटिक आणि एलएला सहा ते आठ आठवडे पुरतात, ओरिएंटलला आठ ते दहा तरी द्यावे लागतात. लाँगिफ्लोरम, म्हणजे पांढरी लांब कर्ण्याची लिली, तिच्यासाठी हजार तासांचा हिशेब धरतात, साधारण सहा आठवडे. तुम्ही श्रावणात ठेवले तर दिवाळीपर्यंत भरपूर वेळ होतो. मात्र त्या कप्प्यात सफरचंद, केळी, पिकलेला पेरू असं काही ठेवू नका. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने आतली कळी मरते. दांडा वाढतो, कळी येत नाही, आणि कारण कळत नाही. पितृपक्षात, नवरात्रात फ्रिज फळांनी भरतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दर पंधरवड्याला पिशवी उघडून बघा, बुरशी आलेली पाकळी काढून टाका.

दिवाळी झाली, रात्री गार वाटायला लागल्या की लावा. त्याआधी कोंब बोटाच्या पेराएवढा झाला तर वाट बघू नका. कंदाच्या डोक्यावर चार इंच माती हवी, हे काटेकोर पाळा. कांदा लावल्यासारखा वरवर लावला तर वरच्या मुळांना जागा मिळत नाही आणि दांडा कलंडतो. बारा इंची कुंडीत तिघं मावतात. पहिले दोन-तीन आठवडे सावलीत, मुळं धरू द्या, मग सकाळच्या उन्हात. एशियाटिक आणि एलए लावल्यापासून दोन ते तीन महिन्यांत फुलतात, म्हणजे पुन्हा संक्रांतीच्या मागेपुढे.

दोन गोष्टींची मनाची तयारी ठेवा. दांडा या वर्षीपेक्षा उंच होईल. कुंडीत विकायच्या बऱ्याच लिलींना वाढ आखूड ठेवणारं औषध दिलेलं असतं, आंब्याला देतात त्या कल्टारच्या जातीचं. त्याचा असर ओसरला की झाड स्वतःच्या उंचीला जातं, काठीचा आधार लागेल. दुसरं, फुलं कमी येतील, चार-पाचऐवजी एक-दोन. कंद विकताना त्याच्या घेरावर प्रत बांधतात, १४-१६ सेंटिमीटर, १६-१८ सेंटिमीटर अशी, आणि घेर जितका मोठा तितक्या कळ्या जास्त. तुमच्याकडे तो थोडा लहानच होणार. एखादा कंद फूल न देता नुसती पानं देईल. तोही टाकू नका, ते वर्ष तो साठवणीत घालवतो. पॉलिहाउसवाले नव्याने आयात केलेले डच कंद लावतात ते याचसाठी, त्यांना एकसारखा माल हवा असतो. तुम्हाला तसा हिशेब नाही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या लोकांना हे सगळं सोपं जातं का? अर्धंच. तिथला उन्हाळा सौम्य, त्यामुळे पानं जास्त टिकतात आणि कंद छान भरतो. काही हिवाळ्यांत वेण्णा लेक परिसरात पहाटे दव गोठतं, पण तसा गारवा आठवडेच्या आठवडे टिकत नाही, म्हणून फ्रिज तिथेही वापरावा. आणि पावसाळ्यात कंद उघड्यावर राहिला तर गेलाच म्हणून समजा. आपल्या देशात दक्षिणेला निलगिरी आणि पळनीच्या डोंगरांत खरी लिली रानात उगवते, पांढरी, लांब कर्ण्याची, पण तीही उंचावरच्या गारव्यात.

घरात मांजर असेल तर ही कुंडी तिच्या वाऱ्यालाही ठेवू नका. खऱ्या लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. चाटलं असा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

बाकीच्या लिलींबद्दल. फुटबॉल लिलीला फ्रिज वगैरे काही नको. मे-जूनमध्ये फूल, मग पावसाळाभर पानं, थंडीत पानं वाळली की पाणी बंद, कुंडी तशीच राहू द्या. तिला गर्दी आवडते, दरवर्षी उपटू नका. रेन लिली ताण देऊन, म्हणजे काही दिवस कोरडी ठेवून, मग पाणी दिलं की फुलते. स्पायडर लिली बारमाही, नुसती जुनी पानं काढत राहा. पीस लिलीला कंदच नाही, वाळलेलं फूल देठासकट बुडातून कापा आणि सावलीत ठेवा. कमी कष्टाची फुलं हवी असतील तर सांगलीत मी फुटबॉल लिलीच सुचवीन.

श्रावणात कंद काढाल तेव्हा जुन्या दांड्याच्या मातीतल्या भागाला वाटाण्या-हरभऱ्याएवढे पांढरे कंद लागलेले दिसतील. दांड्याबरोबर ते फेकले जातात. तोडून घ्या, मोठ्या कंदांबरोबर त्याच पिशवीत गार ठेवा आणि दिवाळीनंतर वेगळ्या कुंडीत इंच-दीड इंच खोल लावा. मोठ्या कंदाची बाहेरची एखादी टणक पाकळी सुटली तर तिच्यापासूनही रोप होतं. दमट कोकोपीटच्या पिशवीत घरातल्या सावलीत ठेवली की दीड-दोन महिन्यांत तिच्या बुडाशी बारीक कंद धरतात. यांना फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी एखादंच अरुंद पान वर येतं, म्हणून कुंडीवर नाव आणि तारखेची पट्टी लावा, नाहीतर खुरपताना गवत समजून कुणीतरी ते उपटून टाकेल.